ओटर नदीवरचे बीव्हर आणि त्यांची आरोग्य-तपासणी : एका मार्गदर्शित सफरीचे परीक्षण

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात ओटर नावाची एक लहान नदी आहे आणि उन्हाळ्यातील संध्याकाळी तिच्या काठाने बीव्हर, म्हणजे झाडे कुरतडून पाण्यावर बंधारे घालणारा प्राणी, दाखवण्याच्या मार्गदर्शित सफरी चालतात. त्यांपैकी एका सफरीचे हे परीक्षण आहे. ती चालवणारे गृहस्थ एकटेच सर्व काम पाहतात, एका वेळी मोजक्याच लोकांना नेतात, आणि बीव्हरच्या बिळाची जागा गर्दीपासून दूर राहावी असा त्यांचा आग्रह आहे. म्हणून त्यांचे नाव आणि नेमके ठिकाण मी येथे दिलेले नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा मुलांकडे काही महिने राहायला येणाऱ्या मराठी वाचकांना अशी सफर निवडताना काय पाहावे हे कळावे, हा या लेखनाचा हेतू आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. ही सफर पैशाचे पुरेपूर मोल देते, आणि ते मोल प्राणी दिसण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक त्या प्राण्याच्या शरीराबद्दल आणि आरोग्याबद्दल आज जे ठाऊक आहे ते कोणी, कसे आणि कशासाठी शोधून काढले, हे समजावून सांगण्यात आहे. मी स्वतः रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे एखादी गोष्ट 'सिद्ध झाली आहे' असे कोणी म्हटले की ती कोणत्या नमुन्यावरून सिद्ध झाली हा प्रश्न मला पडतोच. या मार्गदर्शकांकडे बहुतेक वेळा त्याचे उत्तर होते.

सफरीचे दोन भाग आहेत. पहिला भाग गावातील एका जुन्या शेडमध्ये मेजाभोवती उभे राहून होतो आणि दुसरा, सूर्य कलू लागल्यावर, नदीकाठच्या पायवाटेवर. जुलैच्या अखेरीस तेथे नऊच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला सुरू झालेली सफर संपायला दहा वाजतात. अनेक लोकांना पहिला भाग उगाच लांबवलेला वाटू शकेल, पण मला तोच सर्वांत मोलाचा वाटला.

मेजावर बीव्हरची एक कवटी, कातडीचा एक तुकडा, मागच्या पायाचा प्लास्टरमध्ये घेतलेला साचा, कुरतडलेल्या फांद्या आणि घडी घातलेले तागाचे एक पोते मांडलेले होते. सुरुवात कवटीपासून झाली. बीव्हरचे पटाशीचे दात नारिंगी असतात हे चित्रात अनेकांनी पाहिलेले असते, परंतु ती कवटी हातात घेऊन दाताच्या पुढच्या आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवले की फरक लगेच जाणवतो. पुढची बाजू गुळगुळीत, कठीण आणि नारिंगी, तर मागची फिकट आणि झिजलेली. पुढच्या बाजूच्या इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य थरात, लोह असते. मागचे डेंटीन, म्हणजे दाताचा आतला भाग, त्याच्या मानाने मऊ असल्याने लवकर झिजते आणि त्या असमान झिजेमुळे दाताची धार आपोआप टिकून राहते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की इनॅमलमधील सूक्ष्म स्फटिकांच्या मधल्या फटींत लोहयुक्त, स्फटिकरूप नसलेल्या पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो आणि दाताचा कठीणपणा व आम्लाला तोंड देण्याची शक्ती त्या थरावर अवलंबून असते. फ्लोराइड दिलेल्या इनॅमलपेक्षाही हे इनॅमल आम्लापुढे अधिक टिकते. दंतवैद्यकाला या संशोधनात रस का वाटला, हे मार्गदर्शकांनी अगदी थोडक्यात पण नीट सांगितले. हे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून वरचा आणि खालचा दात एकमेकांवर नीट घासला गेला पाहिजे; जबड्याला इजा होऊन ही ठेवण बिघडली तर दात वाढत जाऊन प्राण्याला खाता येईनासे होते. रानात सापडलेल्या मृत बीव्हरची तपासणी करताना पशुवैद्य दातांची ठेवण पाहतात ती याच कारणाने.

बीव्हर मासे खातो का, हा प्रश्न गटातील कोणीतरी विचारणार हे ठरलेलेच असते आणि तो विचारला गेला. बीव्हर हा कुरतडणारा प्राणी आहे, पूर्णपणे शाकाहारी आहे, आणि पाण्यात राहत असला तरी पाणमांजराशी त्याचे काहीही नाते नाही. उन्हाळ्यात तो गवत, पाणवनस्पती आणि कोवळी पाने खातो. हिवाळ्यात झाडांच्या सालीवर जगतो. सालीतील तंतू पचवण्यासाठी त्याच्या मोठ्या अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, सूक्ष्मजीवांकडून आंबवण्याची क्रिया होते, आणि पहिल्या फेरीत निसटलेली पोषकद्रव्ये मिळवण्यासाठी तो सशाप्रमाणे आपलीच मऊ विष्ठा पुन्हा खातो. दुसऱ्या फेरीनंतर जे उरते त्याचा एक वाळलेला नमुना काचेच्या बरणीत ठेवला होता. तो जवळून पाहिला तर त्यात लाकडाच्या भुशाशिवाय दुसरे काही दिसत नाही, वासही जवळजवळ नाही. एखादा बीव्हर निरोगी आहे की नाही याचा पहिला अंदाज संशोधक अशा नमुन्यांवरून घेतात, कारण त्यात कृमींची अंडी शोधता येतात आणि त्यासाठी प्राण्याला हातही लावावा लागत नाही.

त्यानंतरचा विषय लिंग आणि जात ओळखण्याचा होता, आणि या विषयावर इतकी मुद्देसूद माहिती मी अन्यत्र ऐकलेली नाही. नर आणि मादी बीव्हर बाहेरून सारखेच दिसतात. जननेंद्रिये शरीराच्या आत असतात. त्यामुळे पकडलेला प्राणी नर की मादी हे ठरवण्यासाठी पशुवैद्य नराच्या शिश्नातील लहान हाड चाचपून किंवा एक्स-रे काढून पाहतात, किंवा शेपटीच्या मुळाशी असलेल्या गुदग्रंथींचा स्राव तपासतात. युरोपीय जातीत मादीचा स्राव करड्या-पांढऱ्या रंगाचा आणि दाट असतो, तर नराचा पिवळसर आणि पातळ. अमेरिकन जातीत रंग आणि दाटपणा वेगळे असतात, त्यामुळे एकाच तपासणीत लिंग आणि जात दोन्ही कळू शकतात. जात ओळखणे हा केवळ अभ्यासकांचा हट्ट नाही. युरोपीय बीव्हरमध्ये 48 गुणसूत्रे असतात आणि अमेरिकन बीव्हरमध्ये 40. दोघांची संतती टिकत नाही, पण दोघे एकाच नदीवर आले तर जागेसाठी स्पर्धा होते. 1937 मध्ये फिनलंडमध्ये अमेरिकन बीव्हर आणून सोडले गेले, तेव्हा या दोन वेगळ्या जाती आहेत याची स्पष्ट जाणीव नव्हती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. ब्रिटनच्या रानातून बीव्हर केव्हाच नाहीसे झालेले होते; ओटर नदीवर 2014 मध्ये पिलांसह बीव्हर असल्याचे कळले तेव्हा ते कोठून आले हे कोणालाही ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच ते कोणत्या जातीचे आहेत हा पहिल्या प्रश्नांपैकी एक होता.

आता त्या तागाच्या पोत्याकडे येते. माझे सासरे साताऱ्याहून आमच्याकडे आले होते आणि त्यांची सारी नोकरी पशुधन विकास अधिकारी म्हणून गेली आहे. वीस किलोंच्या आसपास वजनाचा, एका चाव्यात बोट तोडू शकणारा प्राणी धरून त्याचे रक्त काढतात तरी कसे, असा प्रश्न त्यांनी मला मराठीत विचारला आणि मी तो पुढे पोहोचवला. मार्गदर्शकांनी उत्तर तोंडी न देता ते पोते उलगडून दाखवले. ते एका टोकाला निमुळते शिवलेले असते आणि टोकाला नाकापुरते भोक असते. पिंजऱ्यातून बीव्हर थेट पोत्यात घेतला की त्याचे डोके निमुळत्या टोकात जाते, डोळ्यांपुढे अंधार होतो आणि तो बराच शांत होतो. शेपटी आणि मागचे पाय मात्र मोकळ्या टोकाशी राहतात. रक्त शेपटीच्या खालच्या बाजूच्या शिरेतून काढतात. गाई-म्हशींचे रक्तही शेपटीच्या शिरेतून काढता येते आणि ते काम सासऱ्यांच्या हाताखालून गेलेले होते, त्यामुळे सुई कोणत्या कोनात घालतात, शेपटी किती उचलतात, इथपर्यंत त्यांची चौकशी गेली, आणि त्या गृहस्थांनी पोत्यावर हात ठेवून प्रत्येक पायरी दाखवली. तपासणीच्या वेळी मदतनीस म्हणून त्यांनी हे काम केलेले असल्यामुळे उत्तरांत कोठेही अडखळणे नव्हते. वजन, शेपटीची जाडी, कानाला लावायचा रंगीत बिल्ला, कातडीखाली घालायची मायक्रोचिप आणि जनुकीय तपासणीसाठी केस, हे सर्व त्याच वेळेत उरकले जाते. शेपटीत चरबी साठते, म्हणून तिच्या जाडीवरून प्राण्याने हिवाळा कसा काढला आहे याचा अंदाज येतो.

या सर्व पद्धतींमागे नॉर्वेतील दीर्घ काळचे काम आहे. टेलेमार्क भागातील बो येथे, आजच्या साउथ-ईस्टर्न नॉर्वे विद्यापीठात, फ्रँक रोसेल आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तीच ती बीव्हर कुटुंबे वर्षानुवर्षे पकडून, मोजून, पुन्हा सोडत आले आहेत. रात्री होडीतून प्रकाशझोत टाकून जाळीने प्राणी पकडायचा, होडीतच किंवा काठावर मोजमाप घ्यायचे आणि लगेच सोडून द्यायचे, अशी त्यांची रीत आहे. एका प्राण्याचे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे वजन, जोडीदार, पिले आणि हद्द यांची नोंद असणे ही वन्यप्राण्यांच्या अभ्यासात दुर्मीळ गोष्ट आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यांना 'निरोगी बीव्हरचे रक्त कसे असते' हे ठरवताना नॉर्वेच्या प्राण्यांचा आधार मिळाला, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही हे पटेल की निरोगी प्राण्यांचे प्रमाणित आकडे हाताशी नसतील तर आजारी प्राण्याच्या अहवालाला अर्थच राहत नाही.

सफरीचा गाभा मात्र एका कृमीच्या गोष्टीत आहे. एकिनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस हा अगदी लहान फीतकृमी मध्य युरोपातील कोल्ह्यांच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कोल्ह्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावरून उंदरांसारख्या प्राण्यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या यकृतात अळीच्या रूपात वाढतात. असा उंदीर कोल्ह्याने खाल्ला की चक्र पुन्हा सुरू होते. माणसाच्या पोटात अंडी गेली तर यकृतात गाठीसारखी वाढ होते, ती अनेक वर्षे कळत नाही आणि उपचार न झाल्यास जिवावर बेतते. ब्रिटनमध्ये हा कृमी नाही, आणि तो येऊ नये म्हणून परदेशातून येणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना प्रवेशाच्या एक ते पाच दिवस आधी औषध द्यावे लागते. जर्मनीतील बव्हेरियात पकडून इंग्लंडमध्ये आणलेल्या आणि बंदिस्त जागेत ठेवलेल्या एका बीव्हरच्या शवविच्छेदनात मात्र यकृतात ही अळी आढळली. बीव्हर स्वतः हा कृमी माणसाला देऊ शकत नाही, कारण त्याच्या अंगात अंडी तयार होत नाहीत. परंतु असा बीव्हर रानात मेला आणि कोल्ह्याने खाल्ला, तर एका शवातून संपूर्ण बेट बाधित होण्याची शक्यता निर्माण होते.

ओटर नदीवरचे बीव्हर पकडून बंदिस्त ठिकाणी हलवावेत, असा सरकारचा 2014 मधील विचार या भीतीतून आला होता. स्थानिक रहिवाशांनी त्याला ठाम विरोध केला, डेव्हन वाइल्डलाइफ ट्रस्टने प्राणी नदीवरच ठेवून अभ्यास करण्याचा परवाना मागितला, आणि परवाना मिळाला तो तपासणीच्या अटीवर. त्यानुसार 2015 मध्ये पाच प्राणी पकडले गेले. ते युरोपीय जातीचे असून या फीतकृमीपासून आणि गोवर्गातील क्षयापासून मुक्त असल्याचे स्पष्ट झाले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते पुन्हा नदीत सोडले गेले. एक बारकावा येथे लक्षात घेण्याजोगा आहे. यकृतातील अळी मलाच्या तपासणीत दिसणे शक्य नाही, कारण ती आतड्यात नसतेच. म्हणून जिवंत प्राण्यात ती शोधण्यासाठी भूल देऊन सोनोग्राफी करावी लागते किंवा पोटावर छोटा छेद देऊन दुर्बिणीतून यकृताचा पृष्ठभाग प्रत्यक्ष पाहावा लागतो. एडिनबर्गच्या रॉयल झूलॉजिकल सोसायटी ऑफ स्कॉटलंडमधील पशुवैद्यांनी, विशेषतः रोमेन पिझ्झी यांनी, ही दुर्बिणीची पद्धत बीव्हरवर वापरली, आणि पुढे रक्तातील प्रतिपिंडांवरून निदान करण्याची चाचणीही तयार झाली. आपण नदीकाठी उभे राहून ज्या प्राण्यांची वाट पाहतो त्यांच्या पूर्वजांच्या यकृताकडे कोणीतरी इतक्या काळजीने पाहिले होते, आणि त्या तपासणीचा निकाल वेगळा लागला असता तर येथे आज बीव्हर नसते, हे ऐकल्यावर त्या संध्याकाळचे महत्त्व माझ्या दृष्टीने वाढले.

या कृमीने आणखी एक पेच निर्माण केला, आणि तो उलगडून सांगितल्याबद्दल या सफरीला मी सर्वाधिक गुण देते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फर, मांस आणि कस्तुरीसारख्या गंधद्रव्यासाठी झालेल्या शिकारीमुळे साऱ्या युरोप-आशियात युरोपीय बीव्हर सुमारे 1,200 एवढेच उरले होते, तेही आठ विखुरलेल्या ठिकाणी. नॉर्वेतील आजचे बीव्हर अशाच एका लहान गटाचे वंशज आहेत, त्यामुळे त्यांच्यातील जनुकीय विविधता फार कमी आहे. रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांतही ती कमी आढळली आहे. बव्हेरियात वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या प्राण्यांची सरमिसळ झाल्याने तेथे विविधता अधिक आहे. म्हणजे नॉर्वेचा बीव्हर कृमीच्या दृष्टीने सुरक्षित पण जनुकांच्या दृष्टीने गरीब, आणि बव्हेरियाचा जनुकांनी श्रीमंत पण कृमीचा धोका बाळगणारा. स्कॉटलंडच्या नॅपडेल जंगलात 2009 मध्ये अधिकृत प्रयोग सुरू झाला तेव्हा टेलेमार्कचे प्राणी निवडण्यात आले. त्याच काळात स्कॉटलंडमधीलच टे नदीच्या खोऱ्यात, बंदिस्त जागांतून निसटलेल्या किंवा गुपचूप सोडलेल्या प्राण्यांची वस्ती वाढत होती, आणि जनुकीय तपासणीत त्यांचे मूळ बव्हेरियाकडे निघाले. ते ब्रिटनमध्येच जन्मलेले असतील तर त्यांना हा कृमी होण्याचा मार्गच नाही, कारण येथील कोल्ह्यांत तो नाही. पुढे नॅपडेलच्या कमकुवत वस्तीला बळ देण्यासाठी टे खोऱ्यातील तपासलेले प्राणी तेथे नेण्यात आले, तर ओटर नदीवरही 2016 मध्ये विविधतेसाठी आणखी एक जोडी सोडण्यात आली. रोगनिदान आणि जनुकशास्त्र या दोन शाखांना एकमेकींचे ऐकत निर्णय घ्यावे लागले, याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही.

इतर रोगांवर त्यांनी कमी वेळ घालवला आणि ते योग्यच होते. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तो लेप्टोस्पायरोसिस, तसेच टुलारेमिया हा प्राण्यांतून माणसांत येणारा जिवाणूजन्य आजार, यांची तपासणी बीव्हरमध्येही केली जाते. कोणत्याही नदीचे पाणी न उकळता पिऊ नये आणि जखम उघडी ठेवून पाण्यात उतरू नये हा नियम बीव्हर असो वा नसो पाळायचाच असतो. जिआर्डियामुळे होणाऱ्या जुलाबांना उत्तर अमेरिकेत बीव्हरच्या नावाने ओळखले जाते, पण हा परजीवी माणसे आणि गुरेही पाण्यात सोडतात, हे सांगायला ते विसरले नाहीत. मला सर्वांत आवडला तो बीव्हर-भुंगेरा. प्लॅटिप्सिलस कॅस्टोरिस हा तिळाएवढा, चपटा, डोळे आणि पंख नसलेला भुंगेरा फक्त बीव्हरच्या अंगावर जगतो. त्याची एक काचपट्टी भिंगाखाली ठेवली होती. स्कॉटलंडमधील बीव्हरवर तो आढळला तेव्हा ब्रिटनच्या कीटकांच्या यादीत एका नव्या नावाची भर पडली. बीव्हरच्याच अंधांत्रात राहणारा एक चपटा कृमीही स्कॉटलंडमध्ये सापडला आहे. हे दोन्ही परजीवी प्राण्याला फारसे त्रासदायक नाहीत, आणि प्राण्याबरोबर त्याचे निरुपद्रवी सोबतीही परत यायला हवेत, हे मार्गदर्शकांचे म्हणणे मला मान्य आहे. प्राणी बाहेर पाठवण्यापूर्वी औषध देऊन सर्व परजीवी मारून टाकण्याची सवय याबाबतीत पुन्हा तपासायला हवी.

नदीकाठचा भाग त्यानंतर येतो. पायवाट सपाट आहे, मात्र पावसानंतर चिखल होतो, त्यामुळे गमबूट असलेले बरे. काठावर दोन्ही बाजूंना गुलाबी फुलांचे कमरेएवढे झुडूप माजलेले होते. ते हिमालयातून बागांसाठी आणलेले आणि येथे बेसुमार पसरलेले, आपल्या तेरड्याच्या कुळातील रोप आहे. सासऱ्यांनी शेंगेला बोट लावून ती फुटते का हे पाहिले, पण शेंगा अजून कोवळ्या होत्या. विलोच्या फांद्यांवर ताज्या चाव्यांच्या खुणा होत्या, पटाशीच्या दोन दातांच्या समांतर खाचा स्पष्ट मोजता येतील अशा. विलो म्हणजे सह्याद्रीच्या ओढ्यांवर वाढणाऱ्या वाळुंजाचाच भाऊबंद, त्यामुळे ते झाड सासऱ्यांना परके वाटले नाही.

पाण्यालगत चिखलाचा एक छोटा उंचवटा दाखवण्यात आला, आणि जवळ वाकल्यावर चामडे व लाकूड यांच्या मधला एक उग्र, किंचित गोडसर वास आला. ही हद्दीची खूण होय. रोसेल यांच्या गटाने नॉर्वेत असे कृत्रिम उंचवटे करून त्यांवर शेजारच्या आणि परक्या बीव्हरचा गंध लावला, तेव्हा मालक बीव्हरने परक्याच्या गंधावर कितीतरी तीव्र प्रतिक्रिया दिली; म्हणजे रोजच्या शेजाऱ्याला तो वासावरून ओळखतो आणि त्याच्याशी विनाकारण भांडण उकरून काढत नाही. प्रयोगाचे हे वर्णन प्रत्यक्ष उंचवट्याशेजारी गुडघ्यावर बसून ऐकायला मिळणे, हीच या सेवेची खासियत आहे.

साडेआठनंतर एक प्रौढ बीव्हर काठाखालच्या बिळातून निघाला आणि आमच्या समोरून प्रवाहाविरुद्ध पोहत गेला. डोके, नाक आणि कान एका रेषेत पाण्यावर, बाकी शरीर पाण्याखाली. थोड्या वेळाने एक पिलू बाहेर आले, त्याने एक बारीक फांदी दोन्ही हातांनी धरून सालीचा फडशा पाडला, आणि त्या कुरतडण्याचा आवाज पलीकडच्या काठावरून स्वच्छ ऐकू येत होता. बीव्हर दिसेलच अशी हमी ही सेवा देत नाही, आणि ते प्रामाणिकपणाचे आहे. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पिले बाहेर पडू लागलेली असतात, संध्याकाळ लांबलेली असते, त्यामुळे दिसण्याची शक्यता चांगली असते.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव माहितीतील आहे. बीव्हरची जोडी आयुष्यभर एकनिष्ठ राहते, असे सरसकट विधान दोन वेळा केले गेले. युरोपीय जातीबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु इलिनॉयमधील अमेरिकन बीव्हरच्या जनुकीय अभ्यासात एकाच वेतातील पिलांचे बाप वेगवेगळे असल्याचे आढळले आहे, आणि युरोपीय बीव्हरही जोडीदार मेला किंवा दुसऱ्याने हुसकावला तर नवा जोडीदार घेतो. जे गृहस्थ कृमीच्या बाबतीत इतके काटेकोर आहेत त्यांनी येथे भाबडेपणाला वाव द्यायला नको होता. दुसरी उणीव म्हणजे पूर आणि पाणी या विषयाची बोळवण. एक्सेटर विद्यापीठातील रिचर्ड ब्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेव्हनमधीलच एका कुंपणबंद जागेत बीव्हरच्या जोडीने केलेल्या 13 तळ्यांत सुमारे दहा लाख लिटर पाणी साठत असल्याचे मोजले आहे, आणि ओटर नदीवरच्या कामाचा वैज्ञानिक अहवाल 2020 मध्ये आला. एवढे काम शेजारीच झालेले असताना त्यावर दोन वाक्ये अपुरी आहेत. तिसरी गोष्ट सोयीची: शेडमध्ये बसायला बाके नाहीत आणि तासभर उभे राहणे ज्येष्ठांना जड जाते. सासऱ्यांसाठी खुर्ची मागितल्यावर ती तत्परतेने आली, पण मागावी लागली. नदीकाठी स्वच्छतागृह नाही. शेवटी, इतकी माहिती दिल्यावर हातात एक छापील पान तरी द्यायला हवे. मुलांना घरी गेल्यावर 'कृमीचे चक्र काढून दाखव' म्हटले तर आधाराला काही राहत नाही.

लहान मुलांबाबत माझा सल्ला असा की दहा वर्षांखालील मुलांना नेऊ नये. शवविच्छेदनाचे वर्णन त्यांना झेपणार नाही म्हणून नव्हे, तर रात्री दहापर्यंत गप्प बसून राहणे त्यांना शक्य नसते आणि एका मुलाच्या आवाजाने सर्वांची संध्याकाळ वाया जाते. कुत्र्यांना परवानगी नाही आणि ती नसणेच बरोबर आहे.

केवळ बीव्हर पाहायचा असेल तर पैसे खर्च करण्याची गरज नाही. ओटर नदीकाठची सार्वजनिक पायवाट सर्वांना खुली आहे आणि शांतपणे थांबणाऱ्याला तेथेही बीव्हर दिसतो. स्कॉटलंडला जाणाऱ्यांनी नॅपडेलच्या जंगलातील तळ्याभोवतीची वाट जरूर चालावी; तेथे झाडे, तळी आणि बीव्हरचे बंधारे अधिक मोठ्या प्रमाणावर दिसतात. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील पर्बेक येथेही मार्च 2025 मध्ये सरकारच्या नव्या परवाना-पद्धतीखाली बीव्हर मोकळ्या रानात सोडले गेले आहेत, त्यामुळे पुढील काही वर्षांत पर्याय वाढतील. या सफरीचे शुल्क माणशी तीस पौंडांच्या आसपास आहे, ते त्या पहिल्या तासासाठी आहे असे समजूनच द्यावे.

आरक्षण ईमेलवरून होते आणि उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. शाळांच्या सुटीतील तारखा लवकर भरतात, म्हणून मे महिन्यातच विचारणा करावी. लिहिताना गटात कोणी पशुवैद्यक, शेती किंवा आरोग्य क्षेत्रातील असेल तर तसे कळवावे. आम्ही कळवले नव्हते, पण सासऱ्यांच्या प्रश्नांनंतर त्या गृहस्थांनी पेटीतून रक्तनमुन्यांच्या नळ्या आणि कानाचे बिल्लेही काढून दाखवले, जे एरवी मेजावर मांडलेले नसतात.